सीटचा तुटलेला भाग

माझी पाठ तुम्ही वाकडी केलीत. आणि आता ती सरळ झाली, तर टाळ्याही तुम्हीच घेताय. साहेब, माणसाला थोडी तरी चाड असावी. हे मी अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही. तुम्ही फोनवर आहात. मला आत येताना पाहून तुम्ही हातानंच खूण केलीत, बसा. समोर खुर्ची आहे. मी बसले नाही. तुम्ही पुन्हा खूण केलीत, भुवया उंचावून, बहिऱ्याला समजावल्यासारखी. मी उभीच आहे. माझ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आहे, तिच्यावर तुमची नजर जाऊन आली. फोनमध्ये तुम्ही कुणाला तरी 'हो सर, हो सर' म्हणताय, म्हणजे तुमच्याही डोक्यावर कुणी बसलंय, आणि हो म्हणताना तुम्ही मागे रेलताय तशी तुमची खुर्चीही रेलतेय. तुम्ही पुढे झालात की तीही पुढे. पाळलेल्या कुत्र्यासारखी खुर्ची आहे तुमची. तिच्या पोटाखाली दांडे आहेत, एक उंचीचा, एक पाठीचा. बस चालवणाऱ्याची नजर आहे ही, आधी सीटकडे जाते, मग बसणाऱ्याकडे.

सकाळी तुम्ही सगळ्यांना गाड्या धुवायच्या फरशीवर गोळा केलंत. खाली पाणी, साबणाचा फेस, आम्ही पाय उचलून उचलून उभे. "बाई, पुढे या," म्हणालात. मी आले. "बघा यांच्याकडे. परवापरवापर्यंत या कण्हत होत्या. आता बघा. ताठ! आपण मसाज थेरपी सुरू केली आणि पाठदुखी गायब. म्हणजे दुखणं स्नायूंच्या ताणाचं होतं, गाडीचं नव्हतं. काय बाई?" आणि माझ्या खांद्यांना धरून तुम्ही मला वळवलंत, माझी पाठ सगळ्यांना दाखवलीत, दुकानदार भांडं उलटं करून बूड दाखवतो तशी. मागून कुणीतरी ओरडलं, "टाचणी सरळ झाली रे!" मला डेपोत टाचणी म्हणतात. उंचीला एवढीशी, आणि टोचते, म्हणून. सगळे हसले, टाळ्या पडल्या. आणि माझ्या तोंडातून 'हं' असा आवाज निघाला. तो होकार नव्हता. गिळताना अडकलेलं काहीतरी होतं ते. पण तुम्ही ते होकार म्हणून खिशात टाकलंत आणि पुढच्या विषयाकडे वळलात. त्या 'हं'ची मला दिवसभर शिसारी येतेय. सकाळची पाळी मी त्या 'हं'सकटच चालवली.

आणि तो 'हं' का निघाला, ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. याच केबिनमध्ये, पहिल्यांदा तक्रार घेऊन आले तेव्हाही मी अशीच उभी होते, पण तेव्हा बसवत नव्हतं म्हणून. उजव्या कमरेत, बरगड्या संपतात त्याच्या खाली, कुणी बोट रुतवून ठेवल्यासारखं व्हायचं. ते बोट गाडी चालू केली की रुतायचं आणि घरी गेल्यावरही निघायचं नाही. भांडं उचलायला वाकले की तिथून एक तार थेट मानेपर्यंत ओढली जायची. मी तुम्हाला म्हणाले होते, साहेब, सीट डावीकडे बसलीय. खालची पट्टी तुटली असेल. मी दिवसभर डावीकडे घसरत असते आणि स्वतःला उजवीकडे ओढत असते. तुम्ही ऐकलंत. पेन खाली ठेवून ऐकलंत, हे खरं. मग विचारलंत, "घरी कपडे कोण धुतं?"

"मशीन," मी म्हणाले.

"लहान मूल आहे? कडेवर घेता?"

"नाही साहेब. मूल नाही."

आवाज मऊ केलात. "मग मनावर ताण असेल बाई. शरीर बोलतं ना असं."

मूल असतं तर मुलामुळं दुखली असती. नाही, म्हणून नसल्यामुळं दुखतेय. सीट मात्र दोन्हीकडून सुटली. शिडीला विचारलं असतंत का हे, साहेब? शिडी, म्हणजे दुपारी तीच गाडी चालवणारा माझा जोडीदार, बसमध्ये मान तिरकी करून बसावं लागतं एवढा उंच, त्याला विचारलं असतंत कपडे कोण धुतं? आणि मग दारापर्यंत सोडायला आल्यासारखे उठून तुम्ही म्हणालात, "अगदीच सहन होत नसेल तर सांगा, बरं का. हलकं काम देतो. हरवलेल्या वस्तूंची खिडकी रिकामी आहे." किती मायेनं म्हणालात. धमकी इतक्या मायेनं द्यायला बरीच वर्षं खुर्चीत बसावं लागत असेल. मला ती खिडकी दिसली. छत्र्या, एकेकट्या चपला, डबे, कुणाचे तरी खोटे दात. आणि त्यांच्यामध्ये मी, हरवलेली. साहेब, स्टिअरिंग मला कुणी दिलेलं नाही. मी तिकिटं फाडत उभ्यानं वर्षं काढली, ड्रायव्हरच्या मागं उभी राहून त्याचे पाय बघत बघत गिअर शिकले, परीक्षेत मला नापास करायला मुद्दाम चढावर गाडी लावली होती, तीही मी मागं एक वीतभर न सरकू देता उचलली. ते काळं चाक हातात आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी वळवीन तिकडं काहीतरी वळतं. तुम्ही म्हणालात खिडकी, आणि मी म्हणाले, नको, मसाजला जाते.

मसाजची खोली डेपोच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, पडदा लावून केलेली. तेलाचा आणि ओल्या टॉवेलचा वास. टेबलाला तोंडाच्या जागी भोक होतं, त्यात चेहरा घालून पालथं पडायचं. भोकातून फक्त फरशी दिसायची आणि मसाज करणाऱ्या बाईचे पाय. पायाच्या अंगठ्यावरचं रंग उडालेलं नख. पहिल्या दिवशी मी तिला मालिशवाली म्हणाले, तर म्हणाली, "थेरपिस्ट म्हणा ताई, कोर्स केलाय. मालिशवाली म्हटलं की लोक डोकं पुढे करतात." तिनं तळहात माझ्या कमरेवर ठेवला, काहीच न करता, नुसता ठेवला. एवढ्यावरच माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. भोकातून टपटप तिच्या पायांजवळ. दुखलं म्हणून नाही. कित्येक महिने माझी पाठ म्हणजे मला छळणारी एक गोष्ट होती, तिला कुणी हात लावावा अशीही काही ती असेल, हे मी विसरलेच होते. घरी नवरा मलम लावायचा, पण तो शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसतो, पाठही तशीच पुसायचा, आणि तोंडानं "झालं? झालं?" चालूच.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"सोडलाय."

"कुठं सोडलाय? धरून बसलात. सोडा म्हणते ना! कुणी चोरून नेत नाही."

मग तिनं कोपर त्या जागेवर टेकवलं आणि अंगाचं वजन हळूहळू वर सोडलं. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हा तर दगड आहे. काय करता काय तुम्ही?" मी म्हणाले, बस चालवते. "बस चालवता की ओढता?" तिच्या अंगठ्याला पट्टा बांधलेला होता, तिचाही अंगठा गेलेला, आणि त्यावर ती स्वतःच हसायची, "तुमच्या दगडानं गेला ताई, भरून द्या." त्या दगडाच्या कडेकडेनं ती बोटं फिरवायची, दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. दुखायचं असं, की ओरडावंसं वाटावं आणि तिनं थांबू नये असंही वाटावं. आणि एका क्षणी आत काहीतरी वितळायचं, कढत, आणि पायाच्या बोटांपर्यंत उतरत जायचं.

त्या भोकात तोंड घालून पडलेली असताना मला बाबा आठवायचे. बाबा कपाटं वाहायचे. दुकानातून लोकांच्या घरी, जिन्यानं वर, पाठीवर. पट्टा कपाळाला, कपाट पाठीला, आणि हात मागं, जणू कुणाला पाठुंगळी घेतलंय. संध्याकाळी घरी आले की फरशीवर पालथे पडायचे आणि मला हाक मारायचे, "चल, तुडव." मी खुर्चीच्या पाठीला धरून त्यांच्या पाठीवर चढायची आणि चालायची. कमरेपासून खांद्यापर्यंत, परत खाली. पायाखाली हाडं हलायची, मध्येच टक्क वाजायचं, आणि बाबा म्हणायचे, "हां, तिथंच. तिथंच उभी राहा." माझ्या आयुष्यात इतक्या खात्रीनं कुठं उभं राहायला मला नंतर कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, मी बाबांना बरं करतेय. मी नसते तर बाबा मोडलेच असते, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगायची. मग एक दिवस मी चढले आणि त्यांच्या तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज आला. "उतर," ते म्हणाले. "आता तू जड झालीस." बस, एवढंच. रागानं नाही, पण मी मोठी झाले ती त्या फरशीवर. त्यानंतर आई मुठीनं ठोकायची. पण मसाजच्या टेबलावर पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की मी त्यांना रोज संध्याकाळी सरळ करत होते, ते कशासाठी? दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटाखाली घालता यावं म्हणून. दुकानदारानं त्यांना दोर दिला नाही, जोडीला दुसरा माणूस दिला नाही, आणि कपाटं मात्र वर गेली, कारण आमच्या घरात एक पोर होती, फुकट, रोज, हौसेनं तुडवणारी. त्या दुकानदाराला मी कधी पाहिलंही नाही. त्याच्यासाठी मी लहानपणभर काम केलं.

पण बरं वाटलं हे मी नाकारणार नाही. खोटं का बोलू? त्या थेरपिस्टच्या हाताला गुण होता. शेवटच्या खेपेनंतर मी तिथून बाहेर पडले ती वेगळ्याच उंचीची. रस्त्यावरच्या पाट्या खालून वाचायची सवय, त्या जराशा खाली उतरल्यासारख्या वाटल्या. घरी गेले, मोज्यासाठी वाकले आणि उठले, आणि मग लक्षात आलं की मी वाकून उठलेय. पुन्हा वाकले. पुन्हा उठले. नवरा म्हणाला, "नाच बसवतेस का?" मी म्हणाले, हो, तूही ये. आणि आम्ही दोघं बावळटासारखे मोजे उचलत आणि टाकत राहिलो. त्या संध्याकाळी मी तुम्हालाही माफ केलं होतं, साहेब. मनात म्हटलं, जाऊ दे, सीट तर सीट, माणूस वाईट नाही, मसाज तरी सुरू केला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, गाडीवर बसले. मंडईपाशी रस्ता उजवीकडे वळतो, ते वळण मी डोळे मिटून घेईन इतकं पाठ आहे. चाक फिरवलं आणि मी घसरले. डावीकडे, पोतं घसरावं तशी. हात चाकाला लोंबकळले आणि चाक माझ्याबरोबर आलं. बस हलली. मागं कुणाचं तरी डोकं दांड्यावर आपटलं, कुणाची तरी पिशवी फुटून कांदे बसभर गडगडले. मी सावरलं. एक पाय कुठंतरी अडकवून, दात खाऊन, सावरलं. एक म्हातारे आजोबा कपाळ चोळत पुढं आले. "काय गं पोरी, झोप लागली का?" मी मागं वळूनही बघितलं नाही. कारण मला त्या क्षणी कळलं होतं आणि ते कळणं त्या वळणापेक्षा भयंकर होतं. माझ्या कमरेतला तो दगड, जो तिनं कोपर लावून, तेल लावून, स्वतःचा अंगठा घालवून विरघळवला, तो आजार नव्हताच. सीटचा जो भाग तुटला होता, तो मी माझ्या मांसाचा करून बसवला होता. तुम्ही एक लोखंडी पट्टी घातली नाहीत, म्हणून माझ्या पाठीनं आतल्या आत एक पट्टी घडवली. दिवसभर ती मला उभं धरून ठेवायची आणि माझ्यामागं बसलेल्या सगळ्यांना रस्त्यावर ठेवायची. ती काढून टाकली आणि मी कोसळले. आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. बरी राहिले तर गाडी चालवता येणार नाही. चालवायची तर पुन्हा दगड व्हायचं. मंडईच्या पुढच्या कोपऱ्यावरच माझी कमर कामाला लागली होती, साहेब. मला न विचारता. मला ती आवळत जाताना कळत होती, एकेक दोरा. आदल्या संध्याकाळचे मोजे आठवले आणि मी ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून आजोबा निमूट मागं जाऊन बसले.

पाळी संपली. शिडी आला, काखेत नेहमीची गादी, बायकोच्या जुन्या साडीची. आमच्या डेपोत सगळ्यांच्या काखेत काहीतरी असतंच. जुन्या टॉवेलची घडी, गोणपाट, बायकोची फाटकी साडी, पोराची दुलई. जो तो आपापल्या कुल्ल्याच्या मापानं घडी घालतो, पाळीला आणतो, डावीकडं सारतो, पाळी संपली की घेऊन जातो. त्यामुळं सीट कुणाचीच वाकडी नसते. मीही सुरुवातीला चादरीची घडी घेतली होती, पण तिच्यावर बसलं की माझा डावा पाय क्लचच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि सीट पुढं ओढायचा दांडा तर माझ्या आधीपासून गंजलेला. म्हणून डेपोत वाकडी सीट फक्त माझी. मी शिडीला म्हणाले, आज मरता मरता वाचले, ही सीट पास कशी झाली रे? माझ्या तक्रारीनंतर तपासायला मेकॅनिक आला तेव्हा तू होतास ना?

"होतो की," तो म्हणाला. "सीट सपाट आहे का बघायला पाणसळ ठेवली त्यानं. बुडबुडा बरोब्बर मधोमध! मीच बघितला."

"मधोमध कसा येईल?"

"अगं टाचणे, मी म्हटलं, साहेब लोक येणार, केबिनमध्ये चिंध्या दिसल्या की ओरडतात. म्हणून गादी अशी आत सारली," आणि त्यानं रेक्झिनचा फाटका कोपरा उचलून, आपली गादी आत घालून, वरून थापटून दाखवली. सुंदर बसली. सीट नव्यासारखी दिसत होती. "तुझ्या तक्रारीपायी आपल्या गाडीची लाज जायला नको, कसं?" आणि तो शाबासकीची वाट बघत माझ्याकडं बघत राहिला. इतका निरागस, इतका उंच. मला त्याला मारावंसं वाटलं आणि मला हसू यायला लागलं. त्याच्या बायकोच्या साडीवर तुमचा बुडबुडा तरंगला, साहेब. आणि त्या बुडबुड्याच्या जोरावर आज सकाळी तुम्ही माझी पाठ वळवून दाखवलीत.

शिडी चुकला. पण त्याला त्या चिंध्या लपवाव्याशा का वाटल्या? कारण तुम्ही चिंध्यांवर ओरडता. चिंध्या का आहेत, यावर नाही. आज दुपारी मी त्याला म्हणाले, गादी दे. "आणि मी कशावर बसू?" मी म्हणाले, सीटवर. तो बसला. चाकाला हात लावला, एकदा डावीकडं कलला, माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते हसू उतरत गेलं. "अगं आई गं," एवढंच म्हणाला. मग उतरला. "गाडी काढत नाही. जा तू आत. मी इथं आहे." आतापर्यंत सुटायला हवी होती ती गाडी, साहेब. तुमच्या खिडकीतून दिसेल, थांबलेली आहे. फोनवर कदाचित तेच चाललंय.

तुम्ही फोन ठेवलात. "बसा ना बाई," म्हणालात. "उभ्या का? बोला, काय म्हणते पाठ?"

मी वर्तमानपत्र सोडलं आणि गादी तुमच्या टेबलाच्या काचेवर ठेवली. फुलाफुलांची, विटलेली, मधोमध दबलेली.

"हे काय?"

"तुमची सीट," मी म्हणाले. "मेकॅनिकनं हिच्यावर पाणसळ ठेवली होती. ही आत होती. आता बाहेर आहे. चला, पुन्हा ठेवा."

तुम्ही गादीला बोट लावलंत आणि काढून घेतलंत. "बाई, तुम्ही बऱ्या झालात. तुम्हीच सकाळी सगळ्यांसमोर हो म्हणालात."

"मी हो म्हणाले नाही. मी 'हं' म्हणाले. ते परत घेते."

"मग दुखतंय का अजून?" तुमचा आवाज पुन्हा मऊ झाला. मला तो ओळखीचा आहे. "दुखतंय म्हणालात तर मला तुम्हाला खिडकीवर बसवावं लागेल. नाही दुखत म्हणालात तर प्रश्नच मिटला. काय लिहू?"

केवढी सफाई. दुखतंय म्हटलं की चाक गेलं, नाही म्हटलं की सीट राहिली. मला चाक हवंय, साहेब. पण मी खिडकीवर गेले तरी उद्या सकाळी त्या सीटवर कुणीतरी बसणारच. त्याची कमर रात्रभरात लोखंड होणार नाही. मंडईचं वळण तिथंच असणार, आणि आजोबाही.

"माझ्या पाठीचं काही लिहू नका," मी म्हणाले. "माझी पाठ माझी आहे, मी बघेन, ती थेरपिस्ट बघेल, हात चांगला आहे तिचा. मी सीटचं विचारायला आलेय. खाली चला, माझ्या गाडीत बसा, मंडईपर्यंत चालवत न्या, आणि कुठं दुखलं ते तुम्ही लिहा. तुम्हाला कपडे कोण धुतं ते मी विचारणार नाही."

तुम्ही खिडकीतून खाली बघितलंत. थांबलेली बस, तिच्या दाराशी शिडी, आणि त्याच्या भोवती आता आणखी काही जण, काखेतल्या घड्यांसकट.

"बसा तर खरं," तुम्ही म्हणालात. "बसून बोलू."

नाही बसत. त्या सीटची पट्टी कधी बदलताय, साहेब? दिवस सांगा. तोवर मी इथं उभी आहे.